कुठले दहा?

मातेंगूनं त्या दिवशी एवढंच ठरवलं, की नऊमध्ये एक मिळवायचा. बस्स. यापलीकडे त्या माणसाचा काही गुन्हा नाही. एकतीस वर्षं सरकारी कचेरीत बेरजा करणाऱ्यानं घरी एक जादा बेरीज केली, तर त्यात कोणाचं काय बिघडावं? पण बिघडलं. आणि असं बिघडलं, की अजूनही आमच्या कातिमा गावात कोणी ‘एक मिळव’ म्हटलं तर त्याची बायको नासिलेले उठून आत जाते.

आधी हा तासाचा घोळ सांगायला हवा, नाहीतर गोष्ट पुढे सरकायची नाही. त्या वर्षांत राजधानीतलं, विंडहुकचं सरकार दर एप्रिलात घड्याळ तासभर मागे घ्यायचं आणि सप्टेंबरात पुन्हा पुढे ढकलायचं. का, तर थंडीत (आमची थंडी जून-जुलैची) पोरांना सकाळी अंधारात शाळेला जावं लागू नये. पोरांच्या आया खूश, दुकानदार नाराज, कारण गिऱ्हाईक यायच्या वेळी अंधार पडायचा. शेळ्यांना कोणी विचारलं नाही. पण सगळा देश मुकाट्यानं काटे फिरवायचा. अपवाद फक्त आमचा. आमचा मुलूख नामिबियाच्या पार पूर्वेच्या टोकाला, आमच्याकडे सूर्य आधीच घाईत असतो. आमचं घड्याळ मागे नेलं असतं, तर दुपारचा चहा दिवा लावून प्यावा लागला असता. म्हणून सरकारनं आम्हाला माफी दिली. थंडीचे पाच महिने विंडहुकला सात वाजले, की कातिमात आठ.

मातेंगूला या तासाचा कोण अभिमान! आमची कचेरी जनावरांना लसी टोचणाऱ्या खात्याची, आणि मातेंगू तिथला सगळ्यात जुना कारकून. थंडीत विंडहुकच्या साहेबाला फोन लावायचा म्हणजे मोहीमच असायची. आम्ही आठला कुलूप काढायचो तेव्हा तिकडे सात, साहेब अंघोळीला. आमचा एक वाजायचा तेव्हा तिकडे बारा. साहेब जागेवर, पण आम्ही जेवायला. आम्ही दोनला हात पुसत यायचो, तर तिकडे एक, साहेब जेवायला. आणि पाचला आम्ही दार ओढून घेतलं रे घेतलं, की तिकडे चार वाजता साहेबाला आमची आठवण यायची. आम्ही वैतागायचो, मातेंगू मात्र मिटक्या मारायचा. ‘त्यांचं घड्याळ खोटारडं,’ तो म्हणायचा. ‘वर्षातले पाच महिने खोटं बोलतं. आपलं बारा महिने खरं.’ विंडहुकचा कुठलाही आकडा कानावर पडला, की हा एक मिळवून मोकळा. बायकोनं दोन मासे आणायला सांगितले तर हा तीन आणतो, असं आम्ही म्हणायचो. (हे खोटं आहे. तो एकच आणायचा. पण म्हणायला काय जातं?)

आता मुबियानाचं सांगतो. मुबियाना म्हणजे मातेंगूचा थोरला भाऊ. लहानपणी पुराचं पाणी माळावर चढलं, की हा धाकट्याला खांद्यावर बसवून शाळेत न्यायचा. स्वतःची चड्डी छातीपर्यंत भिजायची, पण धाकट्याच्या गणवेशावर थेंब नाही. मोठेपणी मुबियाना विंडहुकला मास्तर झाला. नाताळला यायचा तेव्हा सगळ्यांना शर्ट, म्हाताऱ्याला तंबाखू. गाव गोळा व्हायचं. बाकीचे अकरा महिने म्हाताऱ्याचं हगणं-मुतणं मातेंगू काढायचा. शेवटची चार वर्षं तर म्हातारा खाटेवरच होता. आणि गेला त्या दिवशी मातेंगूच्या हातून पेज पिताना त्यानं विचारलं काय? ‘मुबियाना आला का?’

हे मातेंगूला फार लागलं. लागणारच हो, कोणालाही लागलं असतं.

माती सकाळी दहाला ठरली. महिना जुलैचा. मुबियानाला निरोप गेला: दहा वाजता. तो दिवसरात्र गाडी हाकत निघाला. इकडे दहा वाजले, खड्डा तयार, पाद्री तयार, सगळ्यांचे डोळे रस्त्याकडे. नासिलेले नवऱ्याच्या कानाशी लागली, ‘अहो, थांबा जरा. भाऊजी विंडहुकच्या घड्याळावर असतील. तासाभरात येतील ते.’

मातेंगूनं मनगट वर केलं. ‘दहा म्हणजे दहा,’ तो म्हणाला. आणि माती लोटली.

अकराला धुरळा उडवत गाडी आली. मुबियाना काळ्या कोटात उतरला, घड्याळ पाहिलं आणि चक्क हसला. ‘बरोबर दहा!’ म्हणाला. बाराशे किलोमीटर गाडी हाकून वेळेवर पोचल्याचं हसू होतं ते. मग त्याला मातीचा ढीग दिसला.

‘मला दहा सांगितलं होतंस.’

‘दहालाच झालं,’ मातेंगू म्हणाला.

‘कुठले दहा?’

‘कातिमात आणखी कुठले दहा असतात?’

सगळ्या गावानं ऐकलं. मुबियानानं वरूनच मूठभर माती ढिगावर टाकली, घरात पाण्याला शिवला नाही आणि आल्या पावली परत गेला. त्याला सात वर्षं झाली. सात वर्षांत भावाभावांत शब्द नाही. भाऊ विंडहुकच्या वेळेवर असणार, तासाभरात येणार, हे मातेंगूला माती लोटताना पक्कं माहीत होतं. ही गोष्ट फक्त त्याला आणि नासिलेलेला ठाऊक. बाकी गाव समजत होतं, की बिचारा मातेंगू, वेळेचा फार काटेकोर.

तर सातव्या वर्षी, जूनमध्ये, मुबियानाची पोरगी इनोंगे हिचा नासिलेलेला फोन आला. ‘काकू, बाबांचं काही खरं नाही. डॉक्टरांनी हात टेकलेत. ते म्हणतायत, मला आजीच्या गावाला घेऊन चल.’ आजीचं गाव म्हणजे भावांचं आजोळ, झांबियात, सेनांगाच्या अलीकडे. ‘गुरुवारी बसनं निघतोय. शुक्रवारी सकाळी बस कातिमाला थांबेल. काकांना थांब्यावर पाठव ना. मी फोन केला हे बाबांना कळू देऊ नको हं, नाहीतर ते खिडकीचा पडदाच ओढून घेतील. आपोआप भेटल्यासारखं होऊ दे. बसमध्ये ते शेजारीच असणार, मला पुन्हा फोन करता यायचा नाही.’

‘किती वाजता?’

‘आठला,’ इनोंगे म्हणाली.

पोरगी गुणी. बसच्या तिकिटावर सात लिहिलेलं होतं. काकूला हिशोबाचा त्रास नको म्हणून तिनं एक आधीच मिळवला होता, फक्त तसं बोलली नाही. नासिलेलेला वाटलं, पोरगी विंडहुकमध्येच जन्मलेली, ती विंडहुकचेच आठ सांगणार. तिनं एक मिळवला आणि नवऱ्याला सांगितलं, ‘शुक्रवारी. नऊला.’ का मिळवला हे तीही बोलली नाही. त्या संध्याकाळी त्या घरात कोणी नको तेवढं बोलतच नव्हतं. मातेंगू कोटाला इस्त्री करत होता. एकच बाही चार वेळा. त्यानं मनात म्हटलं, निरोप विंडहुकचा, नऊही विंडहुकचेच. एक मिळवा. दहा.

असे तीन जणांनी, एकमेकांची काळजी म्हणून, तीन तास केले.

मातेंगूचा पासपोर्ट संपून चार वर्षं झाली होती. एकदा का भाऊ सीमेपलीकडे गेला, की त्याच्या मागे जाता येणार नाही, हे त्याला कळत होतं. सापडलं तर थांब्यावरचं अर्ध्या तासाचं भेटणं, नाहीतर काही नाही. ‘काय बोलणार?’ नासिलेलेनं विचारलं.

‘जे बोलायचं तेच.’

‘पाठ आहे ना?’

‘तीन वाक्यं आहेत,’ तो म्हणाला. ‘सात वर्षं पाठ आहेत.’

शुक्रवारी नासिलेले उजाडता नदीवर गेली, ताजे मासे आणले, भाऊजींना वाटेत खायला म्हणून तळायला बसली. मातेंगू दाढी करून, कोट घालून अंगणात खुर्चीवर बसला. पावणेनऊ झाले तरी हा बसलेलाच.

‘अहो, निघा! नऊ वाजत आले!’

‘दहाची आहे.’

‘दहा कुठून आले?’

‘तू नऊ म्हणालीस. मी एक मिळवला.’

‘तो मी आधीच मिळवला होता!’ नासिलेलेच्या हातातली झाऱ्यावरची मासोळी परत तेलात पडली.

मग जी पळापळ झाली ती आमच्या गल्लीनं कुंपणावरून पाहिली. मातेंगू कोटात, नासिलेले एका हातात माशांचं गरम पुडकं, दुसऱ्या हातात चप्पल. टॅक्सीला हात केला, टॅक्सीवाला म्हणाला आणखी दोन गिऱ्हाइकं भरू दे, मातेंगूनं त्याला असं काही सुनावलं की तो गिऱ्हाइकांशिवाय निघाला. (तीस वर्षांत मातेंगू कोणावर ओरडला असेल तर तो तेव्हाच.) नऊला दोन कमी असताना दोघं थांब्यावर उतरले. मातेंगूनं घड्याळ पाहिलं आणि छाती फुगवून श्वास घेतला. पोचलो बाबा!

थांब्यावर बस नव्हती. सिटालीची आई तिथं मासे तळून विकते, ती तेवढी होती.

‘विंडहुकची बस आली नाही ना अजून?’

‘विंडहुकची?’ ती म्हणाली. ‘आठला आली, साडेआठला गेली. एक आजारी माणूस होता हो त्यात. दोघांनी धरून उतरवलं त्याला. खाल्लं काही नाही, नुसता रस्त्याकडे बघत बसला. म्हटलं, कोणाची वाट बघताय का? तर म्हणाला, छे, माझं इथं कोण आहे?’

नासिलेलेनं बोटं मोजायला सुरुवात केली. सात, आठ, नऊ. मग तिनं कपाळावर हात मारला. ‘अगं बाई! त्या पोरीनंही मिळवला होता!’

मातेंगू टॅक्सीत परत जाऊन बसला होता.

सीमेचं फाटक गावापासून पाच-सहा किलोमीटर. तिथं बसमधल्या सगळ्यांनी उतरायचं, सामान उघडून दाखवायचं, रांगेत शिक्का घ्यायचा. सरकारी काम, त्यामुळे लवकर होण्याची भीती नाही. जन्मात पहिल्यांदा मातेंगूनं देवाकडे मागितलं, की कारकून आळशी असू दे. आणि देवानं ऐकलं. बस उभी होती. रांग उभी होती. दोरीपलीकडे सावलीत, उलट्या ठेवलेल्या खोक्यावर, मोठ्या कोटात एक लहानसा माणूस बसला होता. मातेंगूनं कोट ओळखला. कोटातला माणूस ओळखायला त्याला थोडा वेळ लागला.

दोरीजवळची पोलीस बाई म्हणाली, ‘पासपोर्ट?’

‘नाही. तो माझा भाऊ आहे.’

‘मग दोरीच्या अलीकडून बोला.’

दोन हातांचं अंतर होतं. पण आमच्यात थोरल्याशी असं उभ्यानं बोलायला सुरुवात होत नाही. मातेंगू इस्त्रीच्या कोटासकट धुळीत उकिडवा बसला, मान खाली घातली आणि हळूहळू टाळ्या वाजवायला लागला. त्याच्या मागे नासिलेले बसली. ट्रकवाले बघत होते. मुबियानानं मान वळवली. बराच वेळ पाहिलं. थोरल्यानं टाळी दिली नाही, तर धाकट्यानं उठून निघून जायचं, दुसरा उपाय नाही. मग मुबियानाचे दोन वाळलेले हात कोटातून बाहेर आले, आणि त्यानं टाळी दिली.

‘उठलात का?’ थोरल्यानं विचारलं.

‘उठलो. तुम्ही उठलात का?’

‘उठलो. गुरं उठली का?’

‘उठली. पोरं?’

‘उठली. नदी कशी आहे?’

‘उतरतेय.’

हे सगळं विचारावंच लागतं, त्याला इलाज नाही. रांग दोन माणसांनी पुढे सरकली. इनोंगे दोन पासपोर्ट हातात घेऊन रांगेतून इकडे बघत होती आणि डोळे पुसत होती.

‘दादा,’ मातेंगू म्हणाला. तीन वाक्यांपैकी पहिलं त्याच्या ओठांवर आलं होतं.

‘बस गावात थांबली होती,’ मुबियाना म्हणाला. ‘आता किती वाजले?’

मातेंगूनं सवयीनं मनगट वर केलं. ‘साडेनऊ.’

मुबियानानं आपलं मनगट वर केलं. घड्याळ कोपरापर्यंत घसरलं होतं, ते त्यानं खाली ओढलं. ‘साडेआठ,’ तो म्हणाला.

झालं!

‘दादा, इथं साडेनऊ आहेत.’

‘माझ्या घड्याळात साडेआठ आहेत.’

‘ते विंडहुकचं घड्याळ आहे.’

‘विंडहुक राजधानी आहे देशाची.’

‘असेल. पण सूर्य काही तिथून उगवत नाही.’

‘मग काय तुझ्या अंगणातून उगवतो?’

रांगेत कोणीतरी फिस्सकन हसलं. एक ट्रकवाला मध्ये तोंड घालून म्हणाला, ‘पलीकडे झांबियातपण साडेनऊच आहेत, मास्तर.’

‘झांबियाला मध्ये आणू नका!’ मुबियाना गरजला.

‘अहो, तुम्ही निघालात तिकडेच!’ मातेंगूनंही आवाज चढवला.

‘मी मरायला निघालोय, वेळ विचारायला नाही!’

‘मरा, पण बरोबर वेळेवर मरा!’

हे तोंडातून गेल्यावर मातेंगूनं जीभ चावली. पण मुबियाना हसत होता. खोकत होता आणि हसत होता. तो खोक्यावरून उठून उभा राहिला होता, कोणी न धरता. दोन महिन्यांत तो आपला आपण उठला नव्हता, असं इनोंगे नंतर म्हणाली. दोरीला पोट लावून तो विचारत होता, की एप्रिलात पाच महिने उसना घेतलेला तास सरकार सप्टेंबरात परत करतं की नाही, आणि मातेंगू विचारत होता, की ज्याचं त्यालाच परत करायचं तर घेतलाच कशाला. रांग सरकत होती. दोघांचंही तिकडे लक्ष नव्हतं. नासिलेले मागून नवऱ्याचा कोट ओढत होती, ‘अहो, ते बोला ना. अहो, ते.’

‘बाबा, शिक्का झाला,’ इनोंगे आली. ‘बस निघतेय. चला.’

मुबियाना एकदम थकला. पोरीच्या खांद्यावर हात टाकून तो वळला, मग थांबला. ‘एवढं बोलतोस,’ तो म्हणाला. ‘मग त्या दिवशी कुठले दहा, एवढं सांगायला तुला तोंड नव्हतं?’

आता. आता बोलायचं होतं. मातेंगूनं दोरी घट्ट धरली. ‘दादा, त्या दिवशी मी...’

‘काय?’

‘त्या दिवशी...’ एकतीस वर्षांची सवय धावून आली आणि तोंडातून निघालं, ‘तुम्ही तरी घड्याळ लावून यायचं ना!’

मुबियानानं मान हलवली.

‘हो रे,’ तो म्हणाला. ‘लावायला हवं होतं. सात वर्षं मी स्वतःला तेच म्हणतोय. चूक माझीच.’

आणि तो गेला. नासिलेले माशांचं पुडकं घेऊन दोरीखालून धावली, पोलीस बाईनं तिला अडवलं नाही. पुडकं इनोंगेच्या हातात गेलं. बस गेली. मातेंगू दोरी धरून तसाच उभा होता, शेवटी पोलीस बाईनं त्याची बोटं सोडवली.

परतताना टॅक्सीत नासिलेलेनं विचारलं, ‘बोलला का नाहीत?’

‘वेळ कुठे मिळाला?’

‘वेळेवरच तर बोलत होतात इतका वेळ,’ ती म्हणाली, आणि पदर तोंडाशी धरून रडायला लागली.

दुसऱ्या आठवड्यात मातेंगूनं पासपोर्टचा अर्ज टाकला. पासपोर्ट विंडहुकहून यायचा. रोज तो फोन लावायचा. सकाळी लावला तर तिकडची कचेरी उघडायची असायची. दुपारी लावला तर पासपोर्टच्या बाई जेवायला. संध्याकाळी त्या बाईंचा फोन यायचा, तेव्हा आमच्या दाराला कुलूप. मग मातेंगू एकपासून तीनपर्यंत फोनजवळ उपाशी बसायला लागला. आम्ही त्याचा डबा तिथंच नेऊन ठेवायचो. तो उघडायचा नाही. थंडीत घड्याळ खोटं की खरं, यावर तो आताशा काही बोलत नव्हता.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात इनोंगेचा फोन आला. मुबियाना गेला होता. ‘काका, इथले बाबांचे मामेभाऊ म्हणतायत, तुम्ही येईपर्यंत थांबू. एक दिवस ठेवता येईल. दोन नाही. याल का?’

पासपोर्ट आला नव्हता. मातेंगूनं फाटकावर जाऊन हातापाया पडून पाहिलं. नियम तो नियम. रात्रभर ते लोक तिकडे बसून राहिले, सकाळ झाली, दुपार झाली. शेवटी मातेंगूनंच फोन केला. ‘नका थांबू,’ तो म्हणाला. ‘माझ्यासाठी कोणी थांबू नका.’ फोन ठेवल्यावर तो नासिलेलेला म्हणाला, ‘माझ्यासाठी दिवसभर थांबले गं ते. मी तासभर थांबलो नाही.’

आणि बघा नशीब कसं असतं! त्याच महिन्यात रेडिओवर बातमी: सरकारनं कायदा बदलला. आता घड्याळ मागे-पुढे करणं बंद. सप्टेंबरात काटे पुढे गेले की गेले, पुन्हा मागे यायचे नाहीत. सगळ्या देशात बारा महिने एकच वेळ, आणि ती आमची. कचेरीत नुसता जल्लोष झाला. कोणी सरबताच्या बाटल्या आणल्या, आमच्या कचेरीतल्या साहेबानं मातेंगूची पाठ थोपटली. ‘जिंकलास की रे! आख्खा देश तुझ्या घड्याळावर आला!’ मातेंगूनं बाटली घेतली, ‘आलोच,’ म्हणाला आणि फायलींच्या खोलीत जाऊन दार लोटून घेतलं. तिथून जो आवाज येत होता तो आम्ही सगळ्यांनी ऐकला. ज्याच्याशी भांडायचं तोच राहिला नव्हता. आम्ही रेडिओ बंद केला.

पासपोर्ट सप्टेंबरच्या मध्यावर आला. एका शनिवारी सकाळी सहाला फाटक उघडलं, तेव्हा मातेंगू पहिला उभा होता. दोन टॅक्स्या बदलून तो दुपारपर्यंत आजोळी पोचला. मामेभावानं त्याला मुबियानाच्या मातीपाशी सोडलं आणि शहाणा माणूस, लांब जाऊन बसला.

पुढचं मातेंगूनंच मला सांगितलं. तो उकिडवा बसला आणि टाळ्या वाजवल्या. उत्तराची वाट पाहायची असते, म्हणून वाट पाहिली. मग म्हणाला, ‘दादा, सरकारनं आपली वेळ मान्य केली.’

तिथंसुद्धा! त्यानं स्वतःच्या थोबाडीत मारून घेतली.

मग तो म्हणाला, ‘मला माहीत होतं. नासिलेलेनं सांगितलं होतं मला. तुम्ही तासाभरात येणार हे माहीत असून मी माती लोटली. बापानं शेवटी तुमचं नाव घेतलं, माझं नाही, म्हणून लोटली. तुमच्या घड्याळाची काही चूक नव्हती, दादा.’ हे त्याला तीनदा म्हणावं लागलं. पहिल्यांदा आवाजच फुटला नाही. दुसऱ्यांदा मध्येच एक शेळी आली आणि त्याचा कोट चघळायला लागली. तिसऱ्यांदा नीट झालं. मग तो तिथंच बसून राहिला. मुबियानाला त्यानं नदीचं सांगितलं, गुरांचं सांगितलं, फायलींच्या खोलीतलं सांगितलं. सात वर्षांचं साठलेलं, ते काय लवकर संपतंय? मामेभाऊ दोनदा येऊन म्हणाला, ‘निघायला हवं, सहाला फाटक बंद होतं.’ ‘हो हो,’ मातेंगू म्हणाला, आणि बसला.

फाटकाशी पोचला तेव्हा सव्वासहा झाले होते. साखळी लागलेली, कुलूप लागलेलं. झांबियाचा एक तरणा शिपाई खुर्ची उचलून आत चालला होता.

‘सहाला बंद होतं, माहीत नाही?’

‘माहीत आहे,’ मातेंगू म्हणाला.

‘मग? घड्याळ नाही का, काका?’

‘आहे.’

‘बंद पडलंय?’

‘छे. अगदी बरोबर चालतंय. आमचा सगळा देश यावर चालतो आता.’

शिपायानं त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. चघळलेली बाही, धुळीचे गुडघे, सुजलेले डोळे.

‘मग सगळ्या देशाला सांगा, काका,’ तो म्हणाला, ‘सकाळी सहाला यायला.’